काळ्या काचेतला चेहरा

स्टुडिओत पुढे नवरा असायचा आणि पडद्यामागे, संगणकापुढे, ती. गिऱ्हाइकांना तिचा फक्त आवाज ठाऊक होता. "हललात हो, परत बसा," असा तो पडद्याआडून यायचा.

तिच्या अंगावर कोड उमटलं तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. पहिला डाग ओठाच्या कडेला, मग पापणी, कानशील, कपाळ. औषधं झाली, पथ्यं झाली, सल्ले देणारेही थकले. काउंटरवर बसू नकोस, असं नवरा कधी म्हणाला नाही. तीच हळूहळू मागे सरकत गेली आणि त्यानं थांब म्हटलं नाही. पोरीला मात्र त्याचं काहीच नव्हतं. आईच्या कपाळावरच्या डागावर बोट ठेवल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

स्टुडिओचं नाव झालं ते एका काळ्या काचेमुळे. नवऱ्यानं जुन्या कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर काढून पुढे ती काच बसवली होती. आपल्याला दिसतो तो उजेड ती अडवते. तांबड्याच्या पलीकडचा, न दिसणारा, तेवढा आत सोडते. हा उजेड कातडीत जरा खोल जाऊन परततो, म्हणून त्या राखाडी फोटोत वांग, डाग, मुरमांच्या खुणा विरून जातात. गोरे-काळे सगळे एका राखेचे. नवरा प्रत्येकाचे दोन फोटो काढी, एक साधा, एक या काचेतून. मग ती डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, सदऱ्याची गुंडी जुळवून एकावर दुसरा बसवी. छाया-प्रकाश राखाडीतला, रंग साध्यातला. गिऱ्हाईक स्वतःवरच खूश होऊन जाई. "देवानं घाईत उरकलेलं आम्ही निवांत पुरं करतो," नवरा म्हणे.

मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरात निघाली, तेव्हा तिनं तिघांचा फोटो मागितला. आई सवयीनं पडद्यामागे वळली. मुलीनं हात धरून तिला मधल्या खुर्चीवर बसवलं.

"तू नसलीस तर फोटो कसला, आई?"

मुलगी गेली. नवऱ्याचा चेहरा जुळवून झाला, मुलीचाही. स्वतःच्या चेहऱ्याशी आल्यावर तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत तिनं स्वतःला एवढं मोठं करून पाहिलंच नव्हतं. पोरीनं मला मागितलंय, तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला नाही. तिनं स्वतःवर राखाडी थर चढवलाच नाही. फोटो तसाच पाठवला आणि फोनची वाट पाहू लागली. पहिले दोन दिवस तिनं मनाची समजूत घातली की नवी जागा, नवं काम, पोरीला सवड कुठली. तिसऱ्या दिवशी ती भाजीत मीठ घालायला विसरली आणि नवरा तशीच जेवला.

चौथ्या दिवशी फोन आला. मुलगी खोलीबद्दल बोलली, खिडकीबद्दल, पाण्याच्या वेळांबद्दल, सोबतच्या दोघींबद्दल. मग म्हणाली, "आणि आई, फोटोत एक राहिलंय बघ. बाबांचं झालंय, माझं झालंय, तुझंच करायचं विसरलीस. दोघींना दाखवायचाय गं, म्हणून थांबलेय."

आवाजात कुठे टोचणी नव्हती. टाका उसवलाय, एवढं सांगावं तसं तिनं सांगितलं.

"हो गं," ती म्हणाली. "घाईत राहिलंच."

नवरा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. "मी करू का?" त्यानं विचारलं.

"नको. तुम्हाला कडा जमत नाहीत."

ती बसली. राखाडी चेहरा साध्यावर लगेच बसला. फोटोच्या वेळी ती जराही हलली नव्हती. डाग विरले, पण रंगाचा प्रश्न उरला. जिथे कातडी पांढरी होती तिथे साध्या फोटोत घेण्यासारखं काही नव्हतं. तिनं स्वतःचा मूळ रंग शोधला. कानापाशी एक कवडीएवढा तुकडा सापडला, तोही सावलीतला. चेहराभर पुरेना. शेवटी तिनं फोटोत शेजारी असलेल्या लेकीच्या गालावरून रंग उचलला आणि स्वतःच्या चेहऱ्यावर पसरला.

संध्याकाळी मुलीचा निरोप आला. दोघींना फोटो फार आवडला होता. त्या म्हणत होत्या, ही अगदी आईवर गेलीये.

तिनं तो नवऱ्याला वाचून दाखवला. तो "बरं" म्हणाला. पुढे कुणी गिऱ्हाईक आलं होतं. तो निघाला, आणि जाता जाता त्यानं पडदा नीट ओढून घेतला.