पडल्याची वेळ

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून बहुधा लिहवतंय.

चौक गावात माझं पिंपांचं दुकान आहे. रसायनीच्या कारखान्यांतली रिकामी निळी पिंपं घ्यायची, धुवायची, विकायची. शून्यातून उभं केलं — घासाघीस करून, भांडून. माझं तोंड सगळ्या बाजाराला ठाऊक. आणि माझी तक्रारही सगळ्यांना पाठ : इस्पितळाची रक्ततपासणी चुकली, माझा भाऊ कायमचा अधू झाला. ऐकणारे हळहळतात.

चुकली का तपासणी?

दादा माझा थोरला भाऊ, दुकानात मदतीला. एका सकाळी मी पिंपाच्या किमतीवर अडून बसले होते, गिऱ्हाईक नमत आलं होतं — आणि दादा मागून म्हणाला, "दे की गं मंदे, गरीब माणूस हाय." गिऱ्हाईक स्वस्तात पिंप घेऊन गेलं. मी दादाला ढकललं. हो, दोन्ही हातांनी. ओट्याच्या कडेवर त्याचं डोकं आपटलं. तो उठला, हसला, "लय ताकद हाय गं तुझ्यात," म्हणाला आणि पिंपं धुवायला गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं डोकं ठणकायला लागलं, गरगरायला लागलं. मी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं — मेंदूला मार बसला की त्यातले काही अंश रक्तात उतरतात, ही नवी तपासणी ते पकडते. ते नसले तर स्कॅन लागत नाही. पण पडून दिवस उलटला असेल तर हिच्यावर भरवसा नाही, थेट स्कॅनच करायचा. मग विचारलं, कधी पडले?

काय सांगायचं ते मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण परवा म्हटलं की पुढचे प्रश्न — मग इतके दिवस आणलं का नाही? पडले कसे? मी म्हणाले, "आज सकाळी. पायरीवरून घसरला."

दादानं माझ्याकडे पाहिलं. "मंदी सांगते तसंच," म्हणाला.

बाईंनी वेळ लिहून घेतली. अहवाल चांगला आला. आम्ही घरी आलो.

आठवड्याभरात दादा जेवताजेवता कोसळला. मेंदूवर साचलेलं रक्त पनवेलला काढलं, पण वाचा गेली, उजवा हात गेला. मी इस्पितळात जाऊन त्या बाईंना सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. त्यांनी एवढंच विचारलं, वेळ नक्की तीच होती ना? त्यावर मी टेबलावरचे कागद भिरकावले. पुढे त्या नोकरी सोडून गेल्या. मला त्यांचा राग अजून येतो — खरं सांगते, येतो. नेमकं तेच विचारलं म्हणून.

वहिनी दादाला भिसेगावच्या घरी हातानं भरवते. परवाच शेजारणीला सांगत होती, मंदाताई होत्या म्हणून यांना वेळेवर दवाखाना मिळाला. मी तिथेच बसले होते. चहा प्यायले.

दादा दोन दिवस आधी पडला होता, माझ्या हातून. ते आम्हा दोघांनाच ठाऊक. त्याला आता सांगता येत नाही. मला येत होतं.