झोपून धावायचे बूट

खिडकीत माझे पांढरे कॅनव्हासचे बूट वाळताहेत. उद्या हृदयाची तपासणी आहे. गुडघ्यांमुळे मला यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर पळता येत नाही, म्हणून औषध टोचून हृदयालाच पळवणार आहेत. मी नुसतं पडून राहायचं. त्यासाठी आज चहासुद्धा बंद, त्यामुळे डोकं आधीच तापलंय.

"आई, झोपून तर करायचीय तपासणी. बूट कशाला?" सुनेनं विचारलं.

"पळायचंय ना?"

ती हसली. मला हसू आलं नाही. शाळेत खेळाची बाई म्हणून मी जन्मभर मुलींना बजावलं, बूट बांधल्याशिवाय मैदानात यायचं नाही. पुढे गुडघे गेले आणि सगळ्यांनी मला खुर्चीत बसवलं. जिना नको, बाजार नको. पण आतलं हे हृदय कधी बसलं होतं? ना शिट्टी, ना टाळ्या, तरी ते आपलं पळतंच आहे. उद्या पहिल्यांदा त्याची धाव कुणीतरी पडद्यावर बघणार, आणि त्याच्या बाईंनी चपला घालून जायचं?

"सकाळी लेस तेवढ्या तू बांध," मी सुनेला सांगितलं. "मला वाकता येत नाही. पळता येतं."