ताटात उरलं : एक घास

आहार संशोधनाच्या कचेरीत तिला सगळे लालपेन म्हणत आणि तिलाही ते आवडायचं. वीस वर्षं काम एकच. काटेवाल्या पोरी घरोघरी तीन-तीन दिवस बसून ताटातला जिन्नस न् जिन्नस तोलायच्या आणि पत्रकं हिच्या टेबलावर यायची. पत्रकावर नाव नाही, नुसता नंबर. नुसतं पडून राहायलाही जेवढं लागतं, त्याहून कमी खाल्लेलं दिसलं की ही लाल रेघ मारून मोकळी. "काटा दिसला की खाणं लपवतात मेले," म्हणायची. नियमच होता तसा, पण हिला त्यात मजा यायची, हे कबूल केलंच पाहिजे.

तिची आई धाकट्या भावाकडे. वर्षभर भेट नव्हती. भाऊ म्हणायचा, "ताई, तू येऊन गेलीस की आठ दिवस रडत बसते, बीपी वाढतं. नकोच येऊस. खाणंपिणं झकास आहे तिचं." ज्याला कडेवर खेळवलं, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? दर महिन्याला तो कचेरीच्या दारात यायचा आणि आईसाठी तिने घेतलेले दूध पावडरचे दोन डबे पिशवीत घालून न्यायचा.

मंगळवारी सत्तेचाळीस नंबर समोर आला. बाई, वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी अर्धा पाव, कोरा चहा. दुपारी वाटीभर भात. रात्री पुन्हा अर्धा पाव. दूध तिन्ही दिवस शून्य. आणि कहर म्हणजे प्रत्येक ताटात उरलेला एक घास, वीस ग्रॅम.

"भुकेलं माणूस ताटात टाकतं होय?" असं म्हणत तिने रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी काटेवाली तणतणत आली. "बाई, मी स्वतः तोललंय सगळं. खोडलंत का?"

"इतक्यावर माणूस जगत नाही."

"जगतंय ना, मी बघून आले. सुनेने अंडं वाढलं, मी तोललं, आणि माझी पाठ वळल्यावर उचलून नेलं. ते मी धरलं नाही. खाल्लं तेवढंच लिहिलं. आणि तो घास आजी टाकत नाहीत. ताटाच्या कडेला सरकवून ठेवतात. म्हणाल्या, लेक शाळेतून उशिरा यायची, तिच्यासाठी ठेवायची सवय लागलीय."

लालपेनने पत्रक पुन्हा पुढे ओढलं. तो घास तिने दहा वर्षं खाल्ला होता. पत्ता विचारायची तिला गरजच नव्हती. तिने एवढंच विचारलं, "घरात पावडरचे डबे होते?"

"होते की, निळ्या झाकणाचे. पोरांसाठी आहेत म्हणे."

ती तशीच निघाली. वाटेत भावाला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली, पण लाल रेघ काही डोळ्यांपुढून हलेना. भावाने केसाने गळा कापला हे खरंच, पण आईला खोटी ठरवली होती ती हिनेच.

दार भावाने उघडलं. "ताई, अगं फोन तरी करायचास."

ती त्याला ओलांडून आत गेली. आई स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली होती, मांडीवर ताट. मागून भाऊ म्हणाला, "तिला भूकच नसते गं. विचार तिलाच."

आईने लेकाकडे एकदा पाहिलं. रडली मात्र मुळीच नाही. ताट लेकीपुढे करून म्हणाली, "किती उशीर केलास. खा."

भाताचा घास वाळून टणक झाला होता. लालपेनने तो चावून चावून गिळला. मग भावाकडे वळून म्हणाली, "तुला मी भरवलंय रे. माझ्या वाटचं दिलंय."



"चल आई," म्हणून ती दाराशी आईच्या चपला शोधायला लागली. लहान पोरांचे बूट होते, सुनेच्या तीन जोड्या होत्या.

"तिला चपला कशाला?" भाऊ म्हणाला. "ती कुठे बाहेर जाते?"

तिने स्वतःच्या चपला काढून आईच्या पायांत घातल्या. त्या आईला फार मोठ्या झाल्या, म्हणून दोघी हळूहळू जिना उतरल्या.