ज्या लोखंडावर झोप लागते

आमच्या यांना सगळी गल्ली 'डुलकी मिस्त्री' म्हणते. नाव उगाच पडलेलं नाही. वेल्डिंगचं कुठलंही काम झालं, की हे त्या कामावर आडवे होतात. जिना केला तर जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, माळा केला तर माळ्यावर. फाटक असेल तर बिजागरीत बसवण्याआधी ते ठोकळ्यांवर पालथं घालून त्याच्यावर. डोळ्यांवर हात घ्यायचा आणि एक डुलकी काढायची. लोखंड कुठे लचकलं, कुठे कुरकुरलं, तर यांना झोप लागत नाही. "अंगाला कळतं," म्हणतात. झोप लागली की काम पास.

लग्नानंतर पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि हे घोरत होते. वडिलांनी मला कुणाच्या गळ्यात बांधलं, असं झालं मला. पण जित्याची खोड, ती कुठे जाणार? आता मीच गिऱ्हाइकाला खुर्ची देते आणि सांगते, "जरा बसा, तपासणी चालू आहे."

मी यांच्याबरोबर कामावर जाते, कारण एकट्याला पाठवलं तर हे मशीन नेतील आणि वायर घरी ठेवतील. बोलणी मी करते, मापं मी घेते, सरळ-वाकडं बघायची लेव्हल मी धरते. हे काळ्या काचेआडून ठिणग्यांत हरवलेले असतात. त्या काचेतून एवढं काय दिसतं, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "एक छोटंसं तळं. सूर्य त्यात पडलाय, आणि आपण त्याला हळूहळू काठाकाठाने नेतोय." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

एका मुलीने आम्हाला बोलावलं ते घरात बारचं काउंटर करायला. मी आधी नाक मुरडलं. घरात बार कशाला हवा? पण तिथे गेले आणि मुरडलेलं नाक सरळ झालं. तळमजल्यावरचं घर. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये कमरेपेक्षाही ठेंगणी विटांची भिंत. कोपऱ्यात एक लांबरुंद, जाडजूड फळी उभी होती, काळपट लाकडाची, एका कडेला वापरून वापरून गुळगुळीत झालेली. आणि खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत मुलीचे वडील, बाहेर बघत.

आयुष्यभर ते एका हॉटेलात बारच्या मागे उभे होते. झटका आला, पाय गेले आणि एक हात अधू झाला. पुढे हॉटेलही मोडलं, तेव्हा लेकीने त्यांच्या काउंटरची फळी उचलून घरी आणली.

"बंद करायच्या वेळी कुणी फळीवर डोकं टेकून झोपलेलं असलं ना, तर बाबा त्याला हाकलायचे नाहीत," ती आम्हाला सांगत होती. "त्याच्या घरचं कुणी न्यायला येईपर्यंत बसून राहायचे. आम्ही इकडे जेवायचे थांबलेलो!"

"आता बोलतात का?" मी हळूच विचारलं.

"जीभ शाबूत आहे म्हणतात डॉक्टर. बोलावंसंच वाटत नाही त्यांना." तिने फळीवर हात ठेवला. "काकू, ते या फळीच्या मागे बसले तर बोलतील, असं आपलं मला वाटतं. दुसरं काही आता सुचत नाही मला. फक्त खाली पाय नकोत. खुर्ची आत गेली पाहिजे."

हे मान डोलावत फळीकडे बघत होते. मला वाटलं, यांनी ऐकलं. पालथ्या घड्यावर पाणी! पाय नकोत एवढंच यांच्या डोक्यात शिरलं. मला स्टुलावर बसवून उंचीचं माप घेतलं, भिंतीला लोखंडी कोन ठोकले आणि प्रत्येक कोनाखाली तिरकी पट्टी जोडून दिली. आधार म्हटला की तिरकी पट्टी, यांचा हात आपोआप तिकडे जातो. वर फळी ठेवली. हे त्यावर चढले, डोळे मिटले. बराच वेळ नुसते पडून राहिले.

"काय हो, हलतंय का?"

"हलत नाही. हत्ती बसला तरी हलणार नाही." ते उठून बसले. "पण झोप येत नाही."

का येत नाही ते लगेच कळलं. लेकीने वडिलांची खुर्ची भिंतीमागे नेऊन पुढे ढकलली आणि खाट्कन आवाज झाला. त्यांचे गुडघे तिरक्या पट्टीवर आपटले होते. माझे गुडघे काय, कुठेही मावतात. चाकांच्या खुर्चीचं तसं नसतं. म्हातारबुवांनी फळीकडे एकदा पाहिलं. मग चांगल्या हाताने चाक फिरवून, खुर्ची वेडीवाकडी नेत, स्वतःच खिडकीपाशी परत गेले. लेक म्हणाली, "असू दे, चालेल."

यांनी तेव्हाच कटर लावून सगळं उतरवलं. हे घरी आले. जेवले आणि झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारीही झोपले. मी मनातल्या मनात तोंडसुख घेत होते, तोच उठून बसले आणि म्हणाले, "फळी पाण्यावर होती."

"कुठली फळी?"

"तीच. तरंगत होती, खाली काही नाही. मी पाण्यात हात घातला तर खाली ती ठेंगणी भिंत. भिंतीच्या पोटात झाडं उभी होती आणि त्यांच्या फांद्या फळीच्या पोटात गेलेल्या."

"आणि मी कुठे होते?"

"तू लेव्हल धरून होतीस. पाण्यात उभी."

स्वप्नातसुद्धा मला कामालाच लावलं होतं. पण आम्ही गेलो आणि भिंत फोडली. जाड चौकोनी पाइपांचे खांब आत उभे केले, खाली लोखंडी पाट जोडून ते जमिनीत बोल्टांनी आवळले. खांबांना आडव्या पट्ट्या जोडल्या. वेल्डिंग निवताना लोखंड खेचलं जातं, म्हणून यांनी प्रत्येक पट्टी आधीच उलट्या अंगाला किंचित झुकवली, आणि निवल्यावर ती माझ्या लेव्हलमध्ये अगदी सरळ आली. सुताराने फळीच्या पोटात खाचा पाडल्या, त्यांत पट्ट्या बसल्या. मग हे जोड घासत बसले, आरशासारखे होईपर्यंत.

माझं डोकं फिरलं. "अहो, भिंतीत पुरायचंय हे! कोण बघणार आहे?"

"कुणी कशाला बघायला हवं?" हे घासता घासता म्हणाले. "आपलं घर कुणाच्या जिवावर उभं आहे, ते तरी कुठे दिसतं कुणाला?"

मी लेव्हल उगीचच पुसत राहिले. मला फार बरं वाटलं.

भिंत पुन्हा बांधून रंगवल्यावर आमच्या कामाची खूणही उरली नाही. नुसती फळी, हवेत. दुपारची वेळ होती. पडदा फुगत होता आणि बसत होता, त्याची सावली फळीवरून लाटेसारखी सरकत होती. हे चपला काढून वर चढले, डोळ्यांवर हात घेतला. लेक श्वास रोखून उभी. मी जन्मात कधी यांच्या झोपेसाठी देवाला साकडं घातलं नव्हतं, त्या दिवशी घातलं.

आणि हे घोरायला लागले.

खिडकीपाशी म्हातारबुवांनी मान वळवली. थोडा वेळ नुसते ऐकत राहिले. मग चाक फिरलं. खुर्ची हळूहळू भिंतीमागे आली आणि गुडघे, हात टेकायचे दांडे, सगळं फळीखाली आत गेलं. कुठे काही आपटलं नाही. त्यांनी तळवा फळीवर फिरवला, ती गुळगुळीत झिजलेली कड सापडली तिथे थांबवला. मांडीवरचा छोटा टॉवेल उचलला आणि फळी पुसायला लागले. यांच्या कोपरापर्यंत पुसत आले, कोपराला धक्का न लावता वळसा घालून पलीकडे गेले. लेकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

पुसून झाल्यावर त्यांनी टॉवेलाची घडी केली, चांगल्या हाताने यांचं डोकं अलगद उचललं आणि अधू हाताने घडी खाली सरकवली. हे कुशीवर वळले, जागे काही झाले नाहीत.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज घोगरा, गंजलेला, पण शब्द स्वच्छ.

"यांना घरी न्यायला कुणी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "मी आहे."