वरचा तुकडा

आईचा अर्धा जन्म लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात तराजूपाशी गेला. वजन बरोबर भरलं तरी वर एक तुकडा टाकल्याशिवाय तिनं कधी पुडा बांधला नाही. मालक कुरकुरला की त्यालाच ऐकवायची, "मोजलं ते इकलं, वर घातलं ते दिलं."

तिच्या छातीत गाठ निघाली. ती कुठवर पसरलीय ते बघायला डॉक्टरांनी एमआरआय सांगितला, म्हणून आम्ही पुण्याला गेलो. नऊवारी सोडून आईनं दवाखान्याचा झगा घातला. तिथल्या पोरीनं नीट समजावलं, "मावशी, शिरेतून औषध देणार. त्यानं गाठ उजळून दिसते. तुमचं वजन किती?"

"साठ."

"काट्यावर उभ्या राहा बरं. वजनावरच डोस ठरतो."

"लिव्ह की साठ. जरा वर ग्येलं तर काय बिघडतंय? कोपऱ्यातलं बी दिसंल."

माझी जीभ आधीच तिखट. "आई, चिक्की आहे का ही?" मी खेकसले. पोरगी मात्र शांत होती. म्हणाली, "जास्त दिलं म्हणून जास्त दिसत नाही, मावशी. अंगाला झेपेल तेवढंच द्यायचं."

आई काट्यावर चढली. आकडा त्रेचाळीसवर थांबला. नऊवारीच्या घोळात ते घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आईनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "काटा खोटा हाय." जन्मात कधी तिनं कुठल्या काट्याला खोटं म्हटलं नव्हतं.

त्रेचाळीसच्या हिशेबानं औषध भरलं. "येवढंच?" म्हणून आई सुईच्या नळीकडं बघत राहिली, मग पालथी झोपली.

दोन दिवसांनी रिपोर्ट आणायला आम्ही दोघी पुन्हा गेलो. तेवढ्याशा औषधात सगळं उजळलं होतं. गाठ, काख, दुसरी बाजूसुद्धा. डॉक्टर सांगत होते आणि मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. आईनं मात्र सगळं ऐकून घेतलं.

परतताना लोकलमध्ये ती खिडकीशी बसली. देहूरोड गेलं. मग माझा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "जन्मभर लोकांस्नी वर घातलं म्या. मला थोडं वर मिळंल न्हवं?"

"मिळेल की," मी म्हणाले.

दिवाळीसुद्धा मिळाली नाही तिला.