खडपाची वाट

होडीवर निघालेल्या माणसाला कुठे चाललास म्हणून विचारायचं नाही, हे मालवणच्या किनाऱ्यावर पोरांना सांगावं लागत नाही. लवू मालंडकराने आणलेले मासे त्याची बायको विमला तीस वर्षं बाजारात विकत आली. ते कुठे मिळाले हे तिने कधी विचारलं नाही. लवूचं एक खडप होतं, मासे जमतात तसा पाण्याखालचा कातळ. तो किनाऱ्यावरच्या कुठल्या झाडाच्या आणि कुठल्या डोंगराच्या रेषेत येतो, हे त्याला बापाने सांगितलं होतं. तो ते मुलाला सांगणार होता. पण नितेश गोव्याला हॉटेलात लागला, आणि जो होडीत बसत नाही त्याला खूण मिळत नाही. मुलीला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या होडीच्या घरी जाते.

मुलगी किशोरी बाजारातल्या कॉम्प्युटर सेंटरवर काम करायची. २००९ च्या हिवाळ्यात तिथे कसालचा प्रितेश आला. तो मालवणात येऊन पर्यटकांना होडीतून फिरवायचा, आणि ती सहल त्याला गिऱ्हाइकांना आधी पडद्यावर दाखवायची होती. त्यासाठी होडीत जीपीएस ठेवून फिरायचं, त्यात उमटलेली वाट केबलने कॉम्प्युटरवर उतरवायची, मग गूगल अर्थच्या नकाशावर त्या वाटेने एक छोटी होडी चालवायची. बघणारा होडीच्या मागून उडत गेल्यासारखा समुद्रातल्या किल्ल्याच्या तटाला वळसा घालतो, तारकर्लीच्या वाळूवरून जातो. इंटरनेट इतकं मंद की समुद्र आधी चौकोनांनी उमटायचा आणि मग निळा व्हायचा. होडी कुठे सावकाश न्यायची, कुठे झटकन वळवायची, हे किशोरीला बरोबर कळायचं. ती स्वतः समुद्रात कधी गेली नव्हती.

जीपीएस तिने बापाचंच मागून घेतलं. धुक्यात परतता यावं म्हणून लवूने ते घेतलं होतं. त्यात त्याने खडपाची खूण कधी साठवली नव्हती; तेवढा तो सावध होता. पण चालू असेतोवर मशीन सगळी वाट आपणहून आखत राहतं, हे त्याला माहीत नव्हतं. किशोरीने केबल जोडली तेव्हा प्रितेशच्या सहलीबरोबर लवूच्या एकोणीस फेऱ्या उतरल्या. सगळ्या रेषा एकाच जागी जाऊन गुंतल्या होत्या.

तिने ते तिथेच पुसायला हवं होतं. तिला वाटलं, बाप खूश होईल. एका फेरीची तिने सहा मिनिटांची सहल केली आणि एका दुपारी, सेंटर रिकामं असताना, त्याला बोलावलं.

"बाबानू, बघा. ही तुमची होडी."

लवू खुर्चीच्या कडेवर टेकला. होडी धक्क्यावरून सुटली तसा तो हसला. "माका वरसून कोण बघी होतो?"

"मशीन."

होडी किल्ला मागे टाकून दक्षिणेला वळली आणि त्याचं हसू गेलं. पुढे ती एका जागी थांबली आणि तिथेच घुटमळत राहिली.

"ह्या आणि कोणी बघल्यान?"

"नाय."

"पूस."

तिने कॉम्प्युटरमधून पुसलं, मशीनमधून पुसलं. लवू उठला नाही. "आणि तुझ्या डोक्यातला?"

किशोरीची सोयरीक आचऱ्याच्या समर्थशी ठरली होती. त्याच्या घरी दोन होड्या होत्या, वैशाखात लग्न होतं. दोनदा भेटून तिला तो आवडला होता. चार दिवसांनी लवूने आचऱ्याला निरोप धाडला, की जमत नाही.

विमलाने जेवण वाढता वाढता हात थांबवला. "तीस वर्सां ह्या घरात काढलंय, कधी इचारूक नाय खंय जातास. आणि चेडवान मशीनीत बघल्यान म्हणान तेचा लगीन मोडतास?"

"आज ना उद्या घोवाक सांगतला. मगे आचऱ्याची होडी थंय उभी रवतली."

"माका जागा आठवणाच नाय," किशोरी म्हणाली.

लवूने ताट बाजूला सारलं. अंगणातल्या वाळूत त्याने काठीने किनारा ओढला, किल्ल्याच्या जागी करवंटी ठेवली आणि काठी तिच्या हातात दिली. "दाखव."

तिने वेळ लावला नाही. काठी किल्ल्याच्या उत्तरेला, लांब, खाडीच्या तोंडाशी टेकवली.

लवू खाली बघत राहिला. "जेका आठवणा नाय तो जवळ चुकता," तो म्हणाला. "इतक्या लांब कोण चुकता?"

नंतर त्याने विमलाला मोकळीक दिली. "दर्यो नाय थंय दी चेडवाक." विमलाने शोधून पाहिलं. कसालला बाजार मोठा, पण त्यांच्या जातीचं घर नाही. खारेपाटणला होतं, पण तिथे खाडी आहे, आणि खाडीतून होडी समुद्रात जाते. जिथे समुद्र नाही तिथे त्यांच्यातलं कोणी राहत नाही.

समर्थचं लग्न पुढच्या वर्षी देवबागच्या मुलीशी झालं. किशोरी प्रितेशच्या सहली करते. आता बारा झाल्या आहेत. संध्याकाळी लवू वाट पुसून घ्यायला जीपीएस तिच्यापुढे आणून ठेवतो, कारण आता ते दुसऱ्या कोणाकडे देता येत नाही. वाट आखणं कायमचं बंद करायची सोय त्या मशीनमध्ये आहे. ती तिने त्याला सांगितली नाही. ती दिवसाची रेषा उघडते, शेवटपर्यंत बघते आणि पुसते.