मंजू तहसीलदार वाटत नाही, म्हणे

मंजूचा झाडू हातात घेतलेला फोटो कृपया काढून टाका.

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तोच फिरतोय. खाली लिहिलंय, ‘मोलकरणीच्या भूमिका गाजवणारी अभिनेत्री गेली.’

तिने मोलकरीण एकदाच केली. तीही मन मारून.

मला आज एका जागी बसवत नाहीये. स्मशानातून आले, अंघोळ केली, चहा ठेवला, तो उतू गेला. म्हणून लिहितेय.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंजुळा. त्र्यंबकजवळच्या हरसूलची, कोकणा आदिवासी समाजाची. नाशिकला शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये तालमीला यायची. मी सातपूरच्या कंपनीतून सुटून थेट तिथे, ती शाळेतून.

उंच, काळी. आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस मोबाइल खिशात ठेवायचा.

स्टेजवर तिने राणी केली, वकील केली. कुणी कधी काही बोललं नाही.

मग सरकारी वाहिनीची एक मालिका आली. आदिवासी पाड्यावरची मुलगी शिकून तहसीलदार होते, अशी गोष्ट. शूटिंग त्र्यंबकच्या बाजूला.

मंजूने तहसीलदारासाठी ऑडिशन दिली. डायरेक्टर सर उठून उभे राहिले. “कमाल केलीस,” म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फोन आला. तहसीलदार मुंबईची एक मुलगी करणार. मंजूने तिच्या घरची मोलकरीण करायची. आणि हो, त्या मुलीला तिकडची बोली शिकवायची.

मी त्याच मालिकेत क्लार्क होते, त्यामुळे पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मुंबईची मुलगी गोरीपान. स्वभावाने चांगली होती, तिची काही चूक नाही. मेकअपदादा तिच्या तोंडाला, मानेला, हातांना काळा रंग लावत होते. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मंजू शेजारी उभी राहून बघत होती.

मग ती सरांकडे गेली. आवाज न चढवता विचारलं, “सर, रंगच पाहिजे होता तर माझ्यात काय कमी होतं?”

सर चांगले माणूस. ओशाळले. “मंजू, तू अ‍ॅक्टिंगमध्ये भारीच आहेस. पण प्रेक्षकांना तू अधिकारी वाटणार नाहीस गं.”

“आमच्याकडच्या तलाठीबाई माझ्याहून काळ्या हायेत, सर. लोक त्यांच्यापुढे कागद घेऊन उभे राहतात.”

“ते खरं आयुष्य झालं. हा टीव्ही आहे.”

“सरकारी हाय ना पण? मग आमचापण असंल की.”

सर म्हणाले, नेक्स्ट टाइम.

चिडली की तिच्या तोंडात हरसूल यायचं. एरवी वर्गात आणि स्टेजवर प्रमाण मराठी, एकही शब्द इकडचा तिकडे नाही.

तरी तिने काम पूर्ण केलं. त्या मुलीला रोज बोली शिकवली. मी वैतागून म्हटलं, “तू कशाला शिकवतेस? सोडून दे ना.”

“ती चुकीचं बोलली तर हसं कुणाचं होईल? आमचंच ना.”

झाडू घेतलेला फोटो तेव्हाचा.

त्यानंतर मोलकरीण, भाजीवाली, मागे उभी राहून रडणारी बाई, सगळं तिने नाकारलं. डॉक्टर, वकील, पोलीस, एवढ्याच ऑडिशन द्यायची. प्रत्येक वेळी परत यायची. नाशिकच्या मेळा स्टँडला बसमधून उतरली की मला फोन. “नाही झालं. उद्या तालीम किती वाजता?”

बरीच वर्षं असंच चाललं.

शेवटी त्याच वाहिनीवर एका नवीन डायरेक्टर मॅडमनी तिला डॉक्टर दिली. आरोग्याच्या कार्यक्रमातला छोटासा प्रसंग. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, समोर ताप आलेलं बाळ. भर दुपारी दाखवला, जेव्हा आपण कुणी टीव्ही बघत नाही.

हरसूलने मात्र बघितला.

पुढच्या आठवडी बाजारात एका म्हातारीने तिला मिरच्यांच्या ढिगाशी अडवलं. लुगडं वर करून गुडघा दाखवला. “डाक्टरीणबाई, हा लय ठणकतोय. काही द्या.”

“आजी, मी डॉक्टर नाय. ते नाटक होतं.”

म्हातारीला पटेना. “टीव्हीत मी पाहिलं ना तुला.”

शेवटी मंजू तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टरने मंजूला खुर्ची दिली आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही कुठल्या पीएचसीला डॉक्टर?”

हे सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

मग म्हणाली, “वाटते ना गं मी. लोकांना वाटते.”

यंदा कॅन्सर निघाला. उशिरा कळला.

ती अ‍ॅडमिट असतानाच मॅडमचा पुन्हा फोन आला. नवी मालिका, जिल्हा न्यायाधीश. मोठा रोल. मंजूने उशाशी मोबाइल ठेवून डायलॉग पाठ केले. मी वकील, ती जज. शेजारच्या बेडवरची बाई कुशीवर वळून ऐकत राहायची.

मग एक दिवस तिने स्वतःच मॅडमना फोन लावला. “मला जमणार नाही. पण माझ्या जागी कुणाला रंगवून उभं करू नका. पेठ तालुक्यातली एक मुलगी आहे, कविता. माझी विद्यार्थिनी. आधी तिला बघा.”

मॅडमनी बघितलं. घेतलं.

शूटिंग उद्या सुरू होतंय.

मघाशी कविताचा फोन आला. बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, “ताई, बाई आज गेल्या आणि मी उद्या तिथं मेकअप करून बसू? कसं दिसंल ते? मी नाय जात.”

मी म्हटलं, “जा. वेळेवर पोच.”

फोन ठेवल्यापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय.

मंजू, बाई गं, निघालीस तर ये आता. तुला माझा आणि आपल्या सगळ्या ग्रुपचा शेवटचा नमस्कार.